माझ्या सगळ्यात गाजलेल्या पेपरबद्दल

मित्रहो, आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे घडलं, ते मनात ठेवणं जमत नाही.

धानाच्या तुसापासून मी जो उत्प्रेरक बनवला, त्यावरच्या पेपरचा संदर्भ देशोदेशीचे संशोधक देतात. सालेकशाची माझी विद्यार्थिनी संगीता तोच प्रयोग पुन्हा करत होती.

"सर, तीनदा केला जी. काऊन होऊन नाही राहिला?"

मी जुनी वही उघडली. मूळ प्रयोगाच्या दिवशीचं भांडं आधी पॅलेडियम धातूच्या प्रयोगासाठी वापरलेलं होतं. म्हणजे क्रिया घडवली ती तुसानं नव्हे, भांड्याला चिकटून राहिलेल्या धातूनं. मी वही मिटली आणि "उद्या बघू" म्हणालो.

तिचा अख्खा प्रबंध याच पेपरवर उभा आहे. आत्ताच मेल आला, आणखी एकानं संदर्भ दिलाय.

पेपर मागे घेतोय, असं नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून ठेवलंय. ते पाठवण्याआधी संगीताला कसं सांगू?