पार्थ नक्की वाजवतो काय

बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्याची एक गंमत असते. गाणी ऐकून घरी निघालेल्या शंभर जणांना विचारा, गायिकेच्या ओढणीचा रंग सांगतील, ड्रमवाल्याचे केस सांगतील, आणि बासवाला कोण होता म्हटलं की एकमेकांची तोंडं बघतील. जाड चार तारांचं ते वाद्य गाण्याच्या तळाशी वाजत असतं, आणि तळाकडे बघायची कुणाला हौस नसते. पार्थला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घेणाऱ्यांतला तो मुलगाच नव्हता.

राहुरीजवळच्या एका कृषी महाविद्यालयात तो चौथ्या वर्षाला होता. गाव खर्ड्याच्या अलीकडे, जामखेड तालुक्यात. वडील बन्सी, त्याचे आबा, ज्वारी आणि उडीद पिकवायचे, दोन म्हशी सांभाळायचे. पोरगा गिटार वाजवतो याचं त्यांना वावडं नव्हतं. मोबाईलवर त्यानं पाठवलेले व्हिडिओ ते सगळे बघायचे. फक्त प्रत्येक व्हिडिओनंतर फोन यायचा आणि प्रश्न तोच असायचा.

“समदं झ्याक हाय रं. पर ह्यातलं तू नक्की वाजवतो काय?”

मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून बास ऐकू येत नाही. हे पार्थनं समजावून सांगितलं. आबा “असं व्हय” म्हणाले आणि पुढच्या व्हिडिओला पुन्हा तेच विचारलं.

शेवटच्या वर्षी या मुलांना कृषिदूत म्हणून काही महिने गावात राहावं लागतं. माती परीक्षण, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, सरपंचांबरोबर फोटो. पार्थला नशिबानं शेजारचंच गाव मिळालं, म्हणून तो घरूनच जाऊ-येऊ लागला. बास बरोबर आणली होती आणि एक छोटा स्पीकरही. संध्याकाळी कानात मोबाईलवरचं गाणं लावून तो आपला तळ वाजवत बसायचा. बाहेरच्यांना गाणं ऐकू येत नव्हतं, नुसता तळ येत होता. पहिल्याच दिवशी आबा चपला न घालता धावत विहिरीपर्यंत जाऊन आले.

“मला वाटलं मोटर चालू ऱ्हायली,” ते दारात उभे राहून म्हणाले. “ह्येच का ते?”

“ह्येच.”

“आन गाणं?”

“बाकीचे असले की हुतं.”

आबांनी थोडा विचार केला. “मंग बाकीचे असतील तवाच येतो म्या ऐकायला,” म्हणाले. आबा एकदा बोलले म्हणजे बोलले. पार्थनं फेब्रुवारीतल्या गॅदरिंगची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून टाकली. त्या एका संध्याकाळी मोठ्या स्पीकरवर आबांना आपला आवाज ऐकवायचा आणि चार वर्षांचं ते कोडं सोडवायचं, एवढंच त्याला हवं होतं. यापेक्षा जास्त काही त्यानं बँडकडून कधी मागितलं नव्हतं.

डिसेंबरात तो परत आला. सराव व्हायचा कॉलेजच्या जुन्या बियाणे गोदामात. भिंतींना पोल्ट्री विभागातून मागून आणलेले अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, कोपऱ्यात सोयाबीनचा वास. पूर्वी हे गोदाम त्याला घरासारखं होतं. तो आणि ड्रमवाला ओम आधी एक तास येऊन नुसती लय घोटायचे. आता तो आत शिरला तेव्हा गाणं चालू होतं आणि गाण्याला तळ होता. कीबोर्डवाला सुहास डाव्या हातानं खालचे सूर वाजवत होता.

“तू नव्हतास ना,” गायिका ईरा म्हणाली. “मग सुहासनं बसवलं. बघ ना, किती छान बसलंय!”

बसलं होतंच. पार्थनं केबल जोडली, तोही वाजवू लागला, आणि खालच्या मजल्यावर दोघांची गर्दी झाली. सुहास सज्जन मुलगा. त्यानं डावा हात सोडून बघितला. पण पाच महिन्यांत दोन्ही हातांची अशी गाठ पडली होती की डावा थांबला की उजवा चुकायचा. दोन दिवस प्रयत्न करून त्यानं हात जोडले. “सॉरी रे,” म्हणाला. पार्थ म्हणाला, “राहू दे. मी हळू वाजवतो.”

कुणी त्याला बँडमधून काढलं नाही. तसं कुणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळे त्याच्याशी नीट वागायचे, वडापाव आला की त्याचाही यायचा. ओम आता लवकर येत नव्हता. पार्थ रोज जायचा, वाजवायचा, केबल गुंडाळायचा आणि हॉस्टेलवर येऊन झोपायचा. आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्यानं एकदा नीट शोधून बघितलं. दात काढल्यावर गाल दाबून बघतात तसं. काही सापडलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी आबा पहाटेची एसटी धरून, नगरला गाडी बदलून, दुपारी राहुरीत उतरले. अंगावर परीटघडीचे कपडे, हातात डबा. डब्यात घरचा भाजलेला हुरडा, सगळ्या बँडला पुरेल एवढा.

चार वाजता मैदानातल्या स्टेजवर साऊंडची तपासणी झाली. साऊंडवाले मच्छिंद्रभाऊ लग्नं, जयंत्या, उद्घाटनं कोळून प्यायलेले. दोन ओळी ऐकून त्यांनी हात वर केला. “खालचं दोघं वाजवताय. सगळा चिखल होतोय. एक कोणतं तरी ठेवा.”

सुहास कीबोर्डची बटणं बघू लागला. ईरा म्हणाली, “बघू, करू आम्ही ॲडजस्ट,” आणि विषय तिथंच राहिला.

कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी पार्थ साऊंडच्या मिक्सरजवळून चालला होता. मिक्सरच्या प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या पट्टीवर नावं लिहिली होती. ‘बास’ लिहिलेल्या पट्टीवर लाल दिवा होता. लाल म्हणजे बंद.

“भाऊ, हे चालू करायचं राहिलं का?”

“नाही नाही. गाणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बंदच ठेवा.” मच्छिंद्रभाऊंनी चहाचा घोट घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हाच तो. त्यांचा चेहरा पडला. “तुम्हाला सांगितलं नाही का?”

“सांगितलं होतं,” पार्थ म्हणाला.

आता इथं एखादा पेटून उठला असता. ईराला जाऊन दोन शब्द सुनावले असते, निदान बास खाली ठेवून घरचा रस्ता धरला असता. मलाही तेच बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आबा बसले होते, टोपी मांडीवर काढून ठेवलेली, डोळे स्टेजवर. पार्थनं बास गळ्यात अडकवली आणि तो जागेवर जाऊन उभा राहिला.

पहिलं गाणं त्यानं सबंध वाजवलं, एकही सूर इकडचा तिकडे न करता. तारांचा बारीक टकटकाट तेवढा त्याला कळत होता, तोही ड्रमनं खाऊन टाकला. समोर सातशे पोरं नाचत होती. दिवे निळे झाले, लाल झाले. दुसरं गाणं झालं. त्याची बोटं चालत होती आणि तो स्वतः मैदानाच्या कुंपणाजवळ कुठंतरी उभा होता, निवांत, काही न वाटता.

तिसऱ्या गाण्यात, कडव्याच्या मध्यावर, सुहासच्या कीबोर्डच्या स्टँडचा स्क्रू ढिला झाला. कीबोर्ड कलंडला. सुहासनं डाव्या हातानं तो धरला आणि उजव्यानं कसंबसं वाजवत राहिला. तेवढ्यात गाण्याचा तळ गेला. पंधरा-वीस सेकंद ईराचा आवाज अधांतरी लोंबकळला. नाचणारी पोरं थबकली. पार्थ वाजवतच होता, बरोब्बर तेच सूर, तीच लय, आणि मैदानात त्यातलं काही पोचत नव्हतं. ईरानं मान वळवून त्याच्याकडे रागानं बघितलं. मग कुणीतरी येऊन स्टँड पकडला, सुहासचा डावा हात परत आला आणि पोरं पुन्हा नाचू लागली.

कार्यक्रम गाजला. स्टेजमागे हुरड्याच्या डब्याभोवती सगळे जमले. आबा प्रत्येकाच्या ओंजळीत हुरडा घालत होते. ईरा पार्थजवळ आली.

“तिसऱ्यात थांबलास का रे? सगळं पडलं होतं माझं.”

ती खोटं बोलत नव्हती. दुपारी आपण काय सांगितलं ते ती खरंच विसरली होती. सुहास मात्र विसरला नव्हता. तो खाली बसून स्क्रू आवळत होता, आवळून झालेला स्क्रू पुन्हा आवळत होता.

“चुकलो,” पार्थ म्हणाला.

हॉस्टेलकडे जाताना आबांनी बासची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. पार्थ नको म्हणाला तरी ऐकेनात. मग पाण्याच्या टाकीपाशी थांबले.

“पार्था, आज कळलं बघ.”

“काय?”

“तू काय वाजवतो ते. आदी दोन गाणी म्या लई कान दिला, पर काय उमजंना. मंग त्या तिसऱ्यात मधीच तू थांबला, आन समदं पोकळ झालं. पोरीचं गाणं पार उघडं पडलं. तवा म्हनलं, ह्ये हुतं व्हय आपल्या पोराचं! एवढं समदं उचलून धरलं हुतं व्हय त्यानं!” आबांचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. “चार वर्सं इचारत हुतो. आज म्या माझ्या कानानं ऐकलं.”

पार्थ “व्हय” म्हणाला. डिसेंबरपासून जे काही वाटायचं राहून गेलं होतं ते सगळं आता एकदम वाटलं. तो टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

आबा घाबरले. पिशवी सांभाळून खाली ठेवली, शेजारी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“आरं, रडतो कशापायी?” ते म्हणाले. “येकडाव चुकलं म्हून काय झालं?”