हनुवटीनं लावलेली गिटार

रखमाजी आणि मी काष्टीच्या शाळेत एकाच बस्करावर बसलो. त्याचं अक्षर माझ्याहून वाईट, पण कान असा की गुरुजींच्या सायकलची साखळी लांबून ओळखून तो अख्खा वर्ग आधीच गप्प करायचा. पुढं तो साखर कारखान्यात फिटर झाला आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत पेटीवर बसू लागला. पेटीवाले सूर सांगतात ते पट्टीचा रंग आणि नंबर घेऊन. काळी एक, पांढरी तीन, असं. रखमाजी सगळं जगच तसं मोजायचा. एकदा माझ्या विहिरीवर आला, जरा थांबला आणि म्हणाला, "सहादेवा, तुजी मोटार रोज पांढरी पाचवर बोलती. आज उतरलीय. फुटव्हॉल्व बघ." पाइपाच्या तळाचा तो व्हॉल्व वर काढून बघतो तर आत हा एवढा खेकडा! ही गोष्ट मी आजवर निदान चाळीस जणांना सांगितली असेल, आणि खेकडा दरवेळी थोडा वाढलाय.

पण तीस वर्षं मशिनींच्या घरघरीत राहून तोच कान बसत गेला. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग नातीचं बारीक हसणं. कानातलं यंत्र घातलं की म्हणे कुणीतरी सारखी फोडणी टाकतंय असं वाटतं, म्हणून ते फळीवरच पडलेलं. दोन वर्षांमागं जयंतीच्या कार्यक्रमात त्यानं भलतीच पट्टी दाबली, गाणारे मधेच थांबले, आणि त्या दिवसापासून पेटीवर चादर पडली. मला एकट्याला म्हणाला, "सूर गेला, सहादेवा. आता मी नुसता म्हातारा."

मी चहा पीत बसलो.

यंदा ऊसतोडीच्या दिवसांत त्याच्या नातीला, शुभांगीला, मामानं पुण्याहून जुनी गिटार आणून दिली. पोरगी श्रीगोंद्याला कॉलेजात जाते. मी गेलो तेव्हा दुपार कलती झाली होती. हवेत उसाच्या मळीचा गोडसर वास, रस्त्यानं बैलगाड्या हळूहळू चाललेल्या, ओट्यावरचं ऊन मधासारखं दाट. अशा दुपारी माणूस जागा आहे का झोपेत, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. रखमाजी गिटारीच्या खुंट्या पिळत होता.

"आबा, मोबाईलवर बघून लावू या ना," शुभांगी म्हणाली.

"मोबाईल कवा गायलाय का? आपली पार्टी काळी चारला गाती. ही बी काळी चारलाच लागंल."

काळी चार म्हणजे त्याचं घर. चाळीस वर्षं पार्टी त्याच सुरात गायली, म्हणून जी तार दिसेल ती त्यानं त्या सुराकडं ओढायला घेतली. बारीक तार कुईं करून ओरडत होती. मला वाटलं, गिटारीचं संगीत असंच असेल, म्हणून मी मान डोलावली. तेवढ्यात तडाक् करून तार तुटली आणि माझ्या टोपीला लागली.

धान्य पाखडत बसलेली त्याची बायको कलाबाई म्हणाली, "भावजी, मान अजून डोलवा!"

आम्ही हसलो. रखमाजी हसला नाही. "तुटायच्या आधी तार रडती," तो हळूच म्हणाला. "मला ऐकूच आली न्हाई." गिटार मांडीवर तशीच उभी धरून, तिच्या लाकडावर हनुवटी टेकून तो रस्त्याकडं बघत राहिला.

शुभांगीनं पिशवीतली जादा तार ओवली, नीट गुंडाळली. आजोबाला उठवणं तिच्या जिवावर आलं असावं. तो तसाच बसलेला असताना तिनं सगळ्यांत जाड तार हलकेच छेडली.

रखमाजी दचकला. "थांब. परत वाजीव."

तिनं वाजवली.

"दातात आली," तो म्हणाला. "सहादेवा, दाढंत घुमतीय बघ!"

मग पेटीवरची चादर निघाली. शुभांगी मोबाईलमधून सहा तारांचे सूर सांगू लागली, आणि रखमाजी पट्ट्या मोजू लागला. जाड तार पांढरी तीन, मग सहा, दोन, पाच, सात, आणि शेवटची बारीक तार परत पांढरी तीन. "आरं, एकबी काळी न्हाई? आन् मी येडा काळी चारला वडत हुतो!"

पहिली जाड तार तेवढी पेटीशी मिळवली. पुढचं पोरीनं मोबाईलमध्ये बघून सांगितलं. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधलं ते घर. जाड तार पाचव्या घरात दाबली की ती शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर बोलते. तिच्याशी शेजारीण मिळवायची, मग शेजारणीशी पुढची. फक्त पाचवी तार मिळवताना चौथीला चौथ्या घरात दाबायचं. तार आधी सैल ठेवायची आणि खालून वर यायचं, खुंटी केसभर, केसभर.

"दोनी संगंच वाजीव," रखमाजी डोळे मिटून, हनुवटी लाकडावर रोवून म्हणाला. "सूर जुळला नसंल तर लाटा येत्यात. व्हांव, व्हांव, व्हांव. आता पिळ... लाट लांब झाली... अजून जरा..."

मीही गिटारीच्या कडेला बोट लावलं. खरंच, आत काहीतरी हेलकावत होतं. विहिरीत बादली सोडल्यावर पाणी हिंदकळतं आणि मग निवत जातं, तसं. लाटा लांबल्या, मंदावल्या, आणि बोटाखालचं लाकूड एकसारखं गुणगुणू लागलं. रस्त्यावरच्या गाड्या, ऊन, सगळंच त्या गुणगुणीत हळूहळू बुडाल्यासारखं वाटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कलाबाईचं सूपही थांबलं होतं.

सहावी तार जुळली. शुभांगीनं सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला, मग मोबाईल जवळ धरून एकेक तार तपासली. दरवेळी पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"आबा, सहाच्या सहा!"

रखमाजीनं नाक पुसलं, गिटार ओढून घेतली आणि एकेक खुंटी उलटी फिरवायला घेतली. तारा लोंबल्या.

"आबा! आवं, काय करताय?"

"गप. यकडाव आपसूक लागली आसंल. दुसऱ्यांदा लागली, तर मी लावली." त्यानं हनुवटी पुन्हा लाकडावर टेकली. "चल, जाड तार वाजीव."