होडीचं टोक आणि बुटांचा बाक

मी साइटवर पोचले तेव्हा सुतार त्या लाकडाला शेवटचा पाय बसवत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"साहेबांनी बाक करायला सांगितला. दाराजवळ. बूट घालायला बसायचं."

अंधेरी पश्चिमेच्या त्या फ्लॅटचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. मी त्या आठवड्यात दिंडोशीच्या दुसऱ्या साइटवर अडकले होते. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते लाकूड हॉलच्या मोठ्या भिंतीवर उभं लावायचं होतं. इथे ते आडवं पडलं होतं, आणि वरच्या बाजूला रंधा मारलेला. खाली भुशाचा ढीग. त्या भुशात लालसर छटा होती.

तो लाल रंग कुंकवाचा होता. लाकूड खारदांड्याच्या एका मासेमारी होडीचं पुढचं टोक होतं, आणि त्याला कुणाचा पाय लागणार नाही असा शब्द मी दिलेला होता.

हे सगळं कसं झालं ते सांगते. मी इंटिरिअर डिझायनर. ऑफिस बोरिवलीला. निखिल आणि राधिका हे क्लायंट, दोघंही आयटीतले, वयाने माझ्याहून बरेच लहान. जपानला फिरून आले होते आणि त्यांना घर 'वाबी-साबी' हवं होतं. आमच्या धंद्यात सध्या हा शब्द फार चालतो. अर्थ साधा आहे. वस्तू झिजते, तडकते, जुनी होते, आणि त्यातही सुंदर दिसते, हे मान्य करायचं. प्लास्टिक, लॅमिनेट, चकाकी नको. चुना, माती, दगड, लाकूड, सुती कापड हवं.

मला हे मनापासून आवडतं. क्लायंटला ते फोटोत आवडतं. भिंतींना मी चुन्याचा गिलावा केला. चुना एकसारखा वाळत नाही, कुठे फिका तर कुठे गडद होतो. तीच त्याची गंमत. निखिलने सॅंपल बघितलं, खूश झाला आणि एका डागावर बोट ठेवून म्हणाला, "हा थोडा डावीकडे घेता येईल का?" मी हसले. तेव्हाच समजायला हवं होतं.

मोठ्या भिंतीसाठी त्यांना एक खरोखर जुनी वस्तू हवी होती. मी दांड्यात, म्हणजे खारदांड्याच्या कोळीवाड्यात, गेले. तिथे दामूकाका या म्हाताऱ्या कोळ्याची होडी किनाऱ्यावर कलंडून पडली होती. काकांचे गुडघे गेलेले. मुलगा गोरेगावला कुरिअरच्या ऑफिसात. जागा दुसऱ्याच्या होडीला हवी होती, म्हणून ही मोडायची होती. मोडलेल्या होडीचं लाकूड बहुतेक वेळा सरपणाला जातं.

फळ्या द्यायला ते लगेच तयार झाले. पुढच्या टोकाशी मात्र थांबले. ते टोक तेलाने आणि हळदकुंकवाने काळंलाल झालं होतं. दर नारळी पुनवेला त्याची पूजा व्हायची. काकांच्या आईने केली होती, मग बायकोने. मी त्यांना सांगितलं की ते कापणार नाही, एका चांगल्या घरात भिंतीवर उभं लावेन. त्यांनी लाकडावर हात ठेवला.

"नेस तर ने, बाय," ते म्हणाले. "पण पाय लागू देऊ नको कुणाचा."

मी शब्द दिला. निखिल-राधिकालाही हे सांगितलं होतं. राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांना बघायला बोलवूया, असं तीच म्हणाली होती.

मग मी ते लाकूड तयार केलं. समुद्राच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. मुंबईच्या दमट हवेत ते पांढरं होऊन वर येतं. म्हणून आधी गोड्या पाण्यात भिजवायचं, मग सावलीत वाळवायचं, गंजके खिळे काढायचे, कीड लागू नये म्हणून औषध पाजायचं. या सगळ्यात कुंकवाच्या भागाला मी हात लावू दिला नव्हता. आणि आता तो भुशात होता.

मी सुताराला थांबवलं आणि निखिलला फोन केला. तो शांत होता. त्याच्या एका मित्राने घर बघितलं होतं. मित्राचं म्हणणं, भिंत मोकळीच छान दिसते, तिला 'निगेटिव्ह स्पेस' म्हणतात. आणि दाराजवळ बसायला काहीच नव्हतं. रंधा का मारला, तर बसल्यावर कुंकू कपड्यांना लागलं असतं.

मी शब्दाची आठवण करून दिली. पाय काढून लाकूड अजूनही भिंतीवर लावता येईल, बूट घालायला दुसरा बाक मी करून देते, असंही सांगितलं.

"अश्विनी, तुमच्या भावना कळतात मला," तो म्हणाला. "पण घर आमचं आहे ना?"

त्याचं म्हणणं खरंच होतं.

संध्याकाळी राधिकाशी बोलले. तिला वाईट वाटलं होतं, असं ती म्हणाली. पण निखिलने इतक्या हौसेने केलंय, आता पुन्हा मोडतोड नको. आणि बाकावर माणसं बसणार, पाय तर खाली जमिनीवरच राहणार, मग पाय लागला असं कसं म्हणायचं? मी फोन ठेवला.

काकांना काहीच न सांगण्याचा मार्ग होता. पण त्यांनी आधीच दोनदा विचारलं होतं की टोक बघायला कधी यायचं. मी दांड्यात गेले आणि जे झालं ते सांगितलं. काकूंनी मासे साफ करता करता हात थांबवला आणि आत निघून गेल्या. काका म्हणाले, "मी स्वतः विचारतो त्यांना. माणसंच आहेत ना ती पण."

मला आशा नव्हती, पण नाही म्हणवेना. निखिल-राधिका राहायला आले, त्यानंतरच्या एका रविवारी मी काकांना रिक्षाने घेऊन गेले. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. काकू आल्या नाहीत.

निखिल-राधिकाने त्यांचं फार चांगलं स्वागत केलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. निखिल वाकून पाया पडला. राधिकाने चहा केला, सोबत खारी दिली. दोघांनी समुद्राबद्दल, माशांबद्दल विचारलं. काका एकेका शब्दात उत्तर देत होते. त्यांची नजर दाराकडे होती. बाकाखाली बूट, सॅंडल, स्केटिंगच्या बुटांचा एक जोड. ते उठले, बाकाजवळ गेले आणि रंधा मारलेल्या जागेवरून हात फिरवला. लाकूड तिथे नव्यासारखं पिवळट झालं होतं.

"हे भिंतीला लावता येईल का?" त्यांनी निखिलला विचारलं. "नाही तर मी परत नेतो. दुसरं लाकूड आणून देतो तुम्हाला. याच्यापेक्षा चांगलं देतो."

निखिल क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला माहीत नाही आम्ही याला किती जपतो. घरात शिरताना आणि निघताना रोज पहिलं दर्शन याचंच होतं."

काकांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

"एक फोटो घेऊ या ना तुमचा," निखिल म्हणाला. "बाकावर बसा. लोकांना कळू दे ही होडी कुणाची."

राधिकाने खालचे बूट भराभर उचलले. मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की ते फोटोत यायला नको होते.

"आम्ही याच्यावर बसत नाही," काका म्हणाले.

निखिलला वाटलं ते संकोचतायत. त्याने पुन्हा आग्रह केला. तेव्हा काका गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत, हळूहळू खाली बसले. बाकाच्या शेजारी, फरशीवर. डोकं बाकाच्या पातळीला आलं. मी उठवायला पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

निखिलने तोच फोटो काढला. चुन्याची भिंत, जुना बाक, पांढऱ्या शर्टातला म्हातारा. फोटो चांगला होता, यात वाद नाही.

रिक्षात मी त्यांची माफी मागितली. ते बाहेर बघत होते. "सरपण झालं असतं तर एकदाच जळलं असतं," एवढंच म्हणाले.

निखिलने फोटो सोशल मीडियावर टाकला. खाली मातीशी, मुळांशी असलेल्या नात्याबद्दल लिहिलं. तो भरपूर फिरला. मला फोन यायला लागले. मुलुंड, घाटकोपर, जुहू, सगळीकडून. सगळ्यांना तसाच होडीचा बाक हवा होता. वर्षभराची कामं मला त्या एका फोटोने मिळाली.

त्यातल्या एका कामासाठी मी पुन्हा दांड्यात गेले. काकांनी मला बसायला खुर्ची दिली, जेवलीस का म्हणून विचारलं. काकूही बोलल्या, पण कमी. मी लाकडाचा विषय काढला. काका म्हणाले, सध्या कुणाची होडी मोडायची नाही.

त्यांच्या मागे, चार पावलांवर, एक अर्धी मोडलेली होडी पडली होती. पुढचं टोक शाबूत. मी तिच्याकडे बघितलं. त्यांनी मला बघताना पाहिलं.

"ती दिली का कुणाला?"

"नाही," ते म्हणाले. "ती जळायला जाणार आहे."

आता मी सप्लायरकडून माल घेते. तो नवं लाकूड तारेच्या ब्रशने खरवडतो, ॲसिडने काळं करतो, दोन-चार गंजके खिळे ठोकतो. क्लायंट हात फिरवून म्हणतात, "याला केवढा इतिहास आहे!" मी मान हलवते. फरक आजवर कुणालाच कळलेला नाही.

नव्या ज्युनिअर मुली ऑफिसात येतात, त्यांना मी एकच सांगते. क्लायंटच्या घरातल्या वस्तूबद्दल बाहेर कुणाला शब्द देऊ नका. काम संपलं की आपल्याला त्या घराची बेल वाजवूनच आत जावं लागतं.