जावेच्या खोल्या

आखाडा बाळापूरला माझ्या आणि धाकट्या जावेच्या भाड्याच्या खोल्या शेजारीशेजारी आहेत. तिचे भाडेकरू वर्षानुवर्षं टिकायचे, माझे सारखे बदलायचे. ती उन्हाळ्यातच पत्र्यांचे हूक आवळून घ्यायची, नाली उपसायची, खोल्यांचा विमाही काढायची. मला तो सगळा दिखावा वाटायचा.

गेल्या वैशाखात वादळात मोठा कडुलिंब दोघींच्याही पत्र्यांवर पडला. झाड हलवण्याआधी तिनं फोटो काढले, विम्यावाल्यांना फोन केला. भरपाई मिळाली, तिचं छत नवं झालं. माझ्या खोलीवर अजून ताडपत्रीच होती.

एक दिवस माझी भाडेकरू नर्स किल्ली द्यायला आली. म्हणाली, “ताई, शेजारची खोली रिकामी झाली. तिकडं जाते.”

मी किल्ली घेतली आणि दिवसभर जावेच्या अंगणाकडं फिरकले नाही. संध्याकाळी जाऊ आली.

“अक्का, काहून रुसून राहिल्या? छत बराबर करा, भिंतीची ओल काढा, मग विमा काढा. पडक्या घराचा विमा कामाला येत न्हाई.”

ती म्हणाली तसंच सगळं केलं. नवा भाडेकरूही आला. तरी ती नर्स सकाळी जावेचं अंगण झाडताना दिसली, की मी खिडकी लावून घेते.