कच्चं खत

गॅलरीतल्या कुंडीसाठी आणलेली खताची पिशवी काल उघडली आणि नाकाला झोंबणारा वास आला. खत कच्चं होतं. त्या वासासरशी मला चांदीप गावातली आमची जास्वंदीची वाडी आठवली. त्या वर्षी आई इस्पितळात होती. जायच्या आधी तिनं शेण आणि पालापाचोळा भरून खताचा खड्डा लिंपला होता आणि मला बजावलं होतं, "दिवाळीआधी उघडू नको, बाय. खत मुरलं पायजे." पण गणपती तोंडावर आले होते, आणि आई घरी येईल तेव्हा तिला वाडी कळ्यांनी भरलेली दिसावी असं मला फार वाटत होतं. मी खड्डा उघडला. आतलं शेण हाताला गरम लागत होतं, तरी पाट्या भरभरून मी ते प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ओतलं. आठवड्यात पानं पिवळी पडली, मग कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. आई आली ती काठी टेकत थेट वाडीत गेली. खाली बसून तिनं एका झाडाखालची मूठभर माती नाकाशी नेली. मग हात पदराला पुसत म्हणाली, "उन्हानं करपली झाडं. कोनाचा दोष नाय." दिवाळीच्या आधीच ती गेली, आणि माझं सांगायचं राहून गेलं. कालची पिशवी मी परत बांधून ठेवली. मी खत घातलं तेव्हा श्रावण होता, आणि त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे ऊन पडलंच नव्हतं.