कमिटीचं दळण

आमच्या गावात सरकार यायचं ते भुकेलं यायचं. हे मी हसण्यावारी सांगत नाही. तहसीलदाराचा दौरा असो, महसुलाच्या गिरदावराचा असो, की जंगलखात्याच्या कुणाचा असो, आदल्या दिवशी पाटलाचा गडी टोपलं घेऊन दारात उभा. टोपल्यात कधी जवारी, कधी बाजरी. "दळून ठिवा, सांजच्याला नेतो." बस, एवढंच बोलणं.

आमचं शेत पाटलाचं. बटईनं केलेलं, म्हणजे राबायचं आम्ही आणि निम्मं पीक त्यांच्या घरात. शेताबरोबर हे दळणही आलं होतं, साहेबाच्या डेऱ्यापुढचं सारवणही आलं होतं. त्याला आम्ही बेगार म्हणत नव्हतो. सरकारी दळण म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जात्यापाशी बसवून पहिली गोष्ट कोणती शिकवली असेल, तर ही: "घरचं कसंबी दळ. सरकारी बारीक काढायचं. मोठ्या लोकाचे दात नाजूक असत्यात."

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मला अक्षरओळख फार उशिरा झाली, तीही नातवाच्या पाटीवरून, म्हणून साल-तारीख विचारू नका. शिमग्याच्या आधीचे दिवस होते हे पक्कं आठवतं, कारण रानात हरभरा सोंगायला आला होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाटोद्याच्या बाजारातून आले आणि पायावर पाणी घ्यायच्या आधीच बोलायला लागले. हैदराबादेला म्हणे एक मजलिस आहे, कायदे करणाऱ्या लोकांची सभा. तिच्यात आजवर नवाब, जहागीरदार, मोठे वकील असलेच लोक बसायचे. आता राज्य कसं चालवायचं याचंच नवं आईन बांधायचं चाललंय आणि त्या सभेत रयतेची माणसंही बसणार. पण त्याआधी जुने हुकूम गावापर्यंत पोचतात का, हे बघायला सभेनं एक कमिटी धाडलीय आणि ती पाटोद्याला येणार.

"राजा इचारतोय म्हनं, राज्य कसं करू," मामंजी म्हणाले.

"मंग आजवर कुनाला इचारून करत हुता?" आत्याबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. त्यांना वाटलं, बाजारगप्पा आहेत.

बाजारगप्पा नव्हत्या. दोनचार दिवसांत पाटील स्वतः आमच्या ओसरीवर येऊन बसले. ते कधी येत नसत. म्हणाले, कमिटीला बायकांची साक्षही पाहिजे, आपल्या गावाकडून आत्याबाईंनी जायचं.

"मी काय बोलू तिथं?"

"एवढंच बोलायचं की आमच्या गावात बेगार घेत न्हाईत. गाडी माझी हाय. सूनबाईला घ्या सोबतीला." मग उठता उठता मामंजींकडं बघून म्हणाले, "पाडवा जवळ आलाय. औंदा शेत कुनाला द्याचं, ते मी अजून ठरवलं न्हाई."

मामंजींनी मान हलवली. आत्याबाईंनीही हलवली. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. आमचं सगळं खाणंपिणं त्या शेतावर.

आणि त्याच दुपारी पाटलाचा गडी टोपलं घेऊन आला. कमिटीचे लोक पाटोद्याला मुक्काम करणार, त्यांच्या भाकरीसाठी बाजरी. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याला बसलो. बाजरीत खडे फार. आत्याबाईंनी सुपात घेऊन दोनदा निवडली. "हैदराबादचे हायती," म्हणाल्या, "तेंचे दात तर तहसीलदारापेक्षा नाजूक असतील." आज हे लिहिताना मला हसू येतं आणि काटाही येतो. पण तेव्हा आमच्यापैकी एकालाही, पाटलालासुद्धा, त्यात काही वावगं दिसलं नाही. बेगारीची चौकशी करायला माणसं येणार होती आणि आम्ही त्यांचं पीठ चाळत होतो.

पाटोद्याला तहसीलकचेरीच्या पटांगणात कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती. बायकांसाठी एका बाजूला पडदा लावला होता, जाडा, हिरवा. त्याच्याआड आम्ही बसलो. माझ्या शेजारी पाटोद्यातल्याच एका फळवाल्याची बायको होती. सगळे तिला बूबू म्हणत. तिला मराठी यायचं आणि उर्दूही. पडद्याला एक फट होती. बूबूनं सरकून मला जागा दिली. "देख पोरी, पुन्हा कवा दिसणार."

मी बघितलं. मधोमध एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, साधी शेरवानी, डोळ्यांवर चष्मा. ते कमिटीचे मुख्य. त्यांच्या बाजूला एक पगडीवाले वकील आणि आणखी दोघे. मला वाटलं होतं, राज्य म्हणजे काहीतरी चकचकीत असेल. ते असं चष्मा पुसत, मांडी बदलत, रयतेसमोर सतरंजीवर बसलेलं बघून मला कसंतरीच झालं. देवळाचा गाभारा उघडावा आणि आत आपल्यासारखंच माणूस बसलेलं असावं, तसं.

आधी वकिलांनी एक हुकूम वाचला, उर्दूत आणि मग मराठीत. कुणाकडून बेगार घेऊ नये. काम घेतलं तर मजुरी द्यावी.

"नवा हुकूम?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई ग. लई बरसं झाली म्हनतो," बूबू म्हणाली.

"मंग इतकी बरसं वाटंत कुठं बसला हुता?"

बूबूनं तोंडाला पदर लावला. हसू बाहेर जाऊ नये म्हणून.

पडद्यापाशी एक पेशकार, म्हणजे कचेरीतला कारकून, उभा होता. कमिटीनं विचारलेलं तो आम्हाला सांगायचा आणि आमचं उत्तर तिकडं. आत्याबाईंचा नंबर आला. मुख्यांनी उर्दूत काही विचारलं. पेशकार आमच्याकडं वळलाच नाही. तिकडंच तोंड करून त्यानं वाकून उत्तर देऊन टाकलं.

"काय म्हनला?"

"तुमच्या गावात बेगार घेतात का, असं इचारलं," बूबू म्हणाली. "आन तू न्हाई म्हनलीस."

"मी? मी तर अजून तोंडबी उघडलं न्हाई."

आत्याबाई हे जरा मोठ्यानं बोलल्या. रागानं नाही, नवलानं. तिकडं मुख्यांनी हात वर केला. पेशकार गप्प झाला. मग ते स्वतः मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "थांबा. बाईला बोलू द्या."

आणि सगळे थांबले.

हे मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. लिहिणाऱ्यानं टाक वर धरला. वकिलांनी कागद खाली ठेवला. पंखा हलवणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. कचेरीच्या मागं कुठंतरी घोडा फुरफुरला, तेवढाच आवाज. हैदराबादेहून आलेली ती मोठी मोठी माणसं, तहसीलदार, गावोगावचे पाटील, सगळे एका बाईच्या तोंडाकडं, म्हणजे हिरव्या पडद्याकडं बघत बसले होते. आत्याबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांना काही विचारलं नव्हतं, पोरं गेली तेव्हा विचारलं नव्हतं, शेत घेताना विचारलं नव्हतं. ताटात काय वाढू, एवढं त्याच दुसऱ्यांना विचारायच्या.

मी फटीतून पाटलाकडं बघितलं. ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. आत्याबाईंनीही बघितलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"म्हातारे, संभाळून," बूबू पुटपुटली.

"बेगार म्हंजी मजुरी न देता, न इचारता घेतलेलं काम, आसंच ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"तसंच," मुख्य म्हणाले. "तुम्ही केली का? शेवटची कधी केली?"

"परवा."

"कुणाची?"

"तुमचीच की, सायेब. पाटलाच्या गड्यानं टोपलं आनलं. बाजरीत खडे लई हुते, निवडून घेतले आमी. सकाळच्याला भाकरी खाल्ली असंल तर दाताखाली काय आलं न्हाई ना?"

कुणी हसलं नाही. मुख्यांनी चष्मा काढला, हातात धरला, पुन्हा घातला. बाजूच्या तिघांकडं एकेकदा बघितलं. त्यातल्या एकानं मान खाली घातली.

"लिहा," ते लिहिणाऱ्याला म्हणाले.

"हुजूर, नेमकं काय लिहू?"

"ती बोलली ते. खड्यांसकट."

मग वकिलांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, मराठीत, पडद्याच्या अगदी जवळ येऊन. पाटलाचा गडी, टोपलं, बाजरी, खडे, सगळं होतं. आत्याबाई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणं अशा भारी आवाजात वाचलं जातंय, हे त्यांना खरं वाटेना. "माझंच हाय," त्या म्हणाल्या. पडद्याखालून हात बाहेर काढून अंगठा दिला.

उठायच्या आधी मुख्य पुन्हा बोलले. "खडे नव्हते, बाई. पीठ फार बारीक होतं."

बाहेर आलो तर पाटलाची गाडी नव्हती. आम्हाला तिथंच सोडून गेली होती. बूबूला ते लगेच कळलं. म्हणाली, "टेकडीच्या पायाला आमची सीताफळाची बाग हाय. राखायला मानूस मिळंना. कायबी झालं तरी माझ्या दारी या."

आम्ही चालत निघालो. ऊन कलत होतं. आत्याबाई मधूनमधून शाईचा अंगठा बघायच्या आणि पदरात झाकायच्या. मला वाटलं, शेताची काळजी लागली असेल. ओढ्यापाशी पाणी प्यायला बसलो तेव्हा म्हणाल्या, "थांबले हुते ना ग? मी बोलंपत्तूर?"

"थांबले होते, आत्याबाई. घोडा सोडून सगळे."

तेव्हा त्या हसल्या.

कमिटीच्या कागदाचं पुढं हैदराबादेत काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण शिमग्यानंतर गिरदावराचा दौरा आला आणि पाटलाचा गडी टोपलं घेऊन आला, तेव्हा टोपल्यावर वेगळ्या फडक्यात मापटंभर जवारी बांधलेली होती. "ही तुमची. दळनाची," म्हणाला, आमच्याकडं न बघता. त्या दिवशी गावातल्या सगळ्या जात्यांवर त्याचीच बोलणी होती. आत्याबाईंनी ती जवारी ओंजळीत घेतली आणि बराच वेळ नुसती धरून बसल्या.

मग पाडवा आला आणि पाटलानं शेत दुसऱ्याला दिलं.

त्या दिवशी गुढी उभी होती आणि घरात कुणी गोड खाल्लं नाही. मामंजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "न्हाई म्हनायला काय झालं हुतं तुला? एक शबूद."

"तेंनी थांबून इचारलं हो," आत्याबाई म्हणाल्या. "थांबून इचारल्यावर खोटं कसं बोलावं?"

 मग मामंजी आणि आमचे हे, दोघं बापलेक बोलायला बसले. पाटलाच्या पाया पडावं, का पाटोद्याला त्या फळवाल्याच्या बागेत जावं. मामंजींचं म्हणणं पाया पडावं. ह्यांचंही तेच होत आलं होतं. मी भांडी घासत होते.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "सुनंला इचारलं का?"

दोघं वळून माझ्याकडं बघायला लागले. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर आत्याबाईंनी हात वर केला, अगदी त्या मुख्यांसारखा.

"तिला बोलू द्या."

ते थांबले. खरंच थांबले. माझ्या हाताला राख लागलेली.  मी पदरानं हात पुसले आणि म्हणाले, "सीताफळाला जाऊ."

तिसऱ्या दिवशी आम्ही जातं बूबूच्या गाडीत घातलं.