खुर्चीची उंची

आमच्या खानदानात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. वडिलांनी लिंबायतमध्ये पॉवरलूमवर उभं राहून तीस वर्षं काढली. मी साड्यांच्या एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतो, म्हणजे कागदावरची फुलंपानं माऊसने कॉम्प्युटरवर गिरवायची, की पुढे मशीन तसेच टाके घालतं. दिवसभर बसायचं काम. घरी याला काम म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

नोकरी लागली तेव्हा वडील ऑफिस बघायला आले. त्यांनी ना कॉम्प्युटर पाहिला, ना डिझाइन. पाहिली ती खुर्ची. खालचा दांडा कशाचा म्हणून विचारलं, मी दाखवलं, आणि त्यांनी खुर्ची थेट शेवटपर्यंत वर नेली. "साहेबनी खुर्ची उंच राहस," म्हणाले. प्लास्टिकही काढू दिलं नाही, नवीन आहे म्हणून. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण वडिलांची मान ताठ झाली होती. 

ते रिटायर झाल्यापासून गोडादऱ्याच्या घरून रोज एक वाजता माझा डबा घेऊन येतात. डबा टेबलावर ठेवायच्या आधी खुर्ची बघतात.

नोकरीला दोन वर्षं झाल्यावर माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची बोटं बधिर व्हायला लागली. एकदा घरी चहाचा कप हातातून सुटला. मी म्हटलं, कप ओला होता. कप कोरडा होता.

फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, "खुर्ची खाली होत नाही का?"

"होते. पण करता येत नाही."

त्यांनी कारण विचारलं. मी हसण्यावारी नेत सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याचा मला राग आला. खुर्ची खाली घ्या, पाय टेकवा, मनगट सरळ ठेवा, दर अर्ध्या तासाला उठा, काम करताना मनगटाला पट्टा बांधा, म्हणाल्या. असंच चालू ठेवलंत तर ऑपरेशन लागेल, आणि बारीक काम जमेलच असं नाही. माझं सगळं कामच बारीक.

मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं: दोन्ही बाजू सांभाळल्या. सकाळी खुर्ची खाली, पावणेएकला पट्टा काढून वर, डबा खाऊन झाला की पुन्हा खाली. अर्ध्या तासाला उठायचं म्हणून ऑफिसातल्या देवापुढच्या अगरबत्तीची ड्युटी अंगावर घेतली. शेठना वाटलं माझी भक्ती वाढली, म्हणून त्यांनी अगरबत्तीचा मोठा पुडा आणून दिला.

एका दुपारी वडील साडेबारालाच आले. खुर्ची खाली, मनगटाला पट्टा. डबा हातात धरून ते दारातच थांबले.

"तुले खालनं काम दिधं का?"

त्यांना वाटलं, मला खालच्या जागेवर टाकलं. त्यांचा चेहरा बघून माझं सगळं सोंग गळून पडलं. मी हात, कप, ऑपरेशन, पावणेएक, सगळं सांगून टाकलं. खुर्चीवर बसून हात दुखतो हे तुम्हाला सांगायची लाज वाटली, हेही सांगितलं.

 मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि उजवा हात वर उचलला. तो खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला.

"आठेच थांबस," म्हणाले. "लूमना जड बीम उचली उचली. बारा वरीस व्हयनात. मी कोनले सांगं नही."

आमच्या घरात वडील दोरीवर कपडे टाकत नाहीत, फळीवरचा डबा काढत नाहीत. माय त्यांना राजा म्हणते, आणि ते कौतुकाने नव्हे. आम्हा भावंडांनाही तेच वाटायचं. मला स्वतःची भयंकर चीड आली, कारण कपडे टाकताना मीही कित्येकदा तिच्याबरोबर हसलो होतो.

मग ते खाली वाकले आणि डाव्या हाताने खुर्चीचं प्लास्टिक ओढून काढलं.

संध्याकाळी माय नेहमीप्रमाणे ओरडली, "तो तांदूळना डबा तरी काढा, राजे!"

वडील म्हणाले, "मना हात वर जात नही."

माय हातातलं लाटणं धरून उभी राहिली. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि डबा स्वतः काढला.  दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावून फळी दोन फूट खाली घेतली.

डबे परत मांडताना तिने मला हळूच विचारलं, "मी त्यासले आळशी किती येळा म्हनं व्हई रे?"

मी तांदळाचा डबा डाव्या हाताने उचलून तिच्याकडे दिला.